काटा व्हीडॉममधून ऑफिस व्हीडॉममधल्या सर्व्हरपर्यंत पॉलिसी कशी लावायची?

ऊसपट्टा_आयटी

नमस्कार. वाळवा तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात मी संगणक विभाग बघतो. फायरवॉल फोर्टिगेट १००एफ, फोर्टीओएस ७.४. गेल्या हंगामापर्यंत सगळं नेटवर्क एकत्रच होतं. उन्हाळ्यात एका कंत्राटदाराकडून त्याचे चार व्हीडॉम (एकाच पेटीत केलेले वेगवेगळे फायरवॉल) करून घेतले: रूट, ऑफिस, काटा आणि प्लांट. रूटमध्ये इंटरनेटच्या दोन्ही लाइन. ऑफिसमध्ये अकाउंट, शेती विभाग आणि ईआरपीचा, म्हणजे कारखान्याच्या सगळ्या नोंदी-हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, सर्व्हर. काटामध्ये चार वजनकाट्यांचे कॉम्प्युटर आणि गाडीतळावरची नंबर नोंदणी. प्लांटमध्ये बॉयलर, टर्बाइन, मिल आणि डिस्टिलरीचं कंट्रोल. व्हीडॉम आणि लिंका करून देण्यापुरतंच त्यांचं काम होतं. आतल्या पॉलिसी, म्हणजे कुठून कुठं काय जाऊ द्यायचं याचे नियम, आम्हीच लावायच्या आहेत.

अडचण अशी आहे. काट्यावर गाडीचं भरवजन झालं की ते लगेच ईआरपीच्या डेटाबेसमध्ये जायला पाहिजे, आणि गाडी खाली होऊन रिकामं वजन झालं की वजनपावती छापून ड्रायव्हरच्या हातात पडली पाहिजे. आत्ता काट्यावरचं सॉफ्टवेअर 'सर्व्हर सापडत नाही' म्हणून थांबतंय.

काटा आणि ऑफिस यांच्यामध्ये केओ नावाची इंटर-व्हीडॉम लिंक आहे. काटाकडचं टोक केओ०, पत्ता १०.२५५.०.१. ऑफिसकडचं टोक केओ१, पत्ता १०.२५५.०.२. काट्याचं नेटवर्क १०.३०.०.०/२४, सर्व्हरचं १०.२०.०.०/२४. ईआरपी सर्व्हर १०.२०.०.१०, एसक्यूएल, पोर्ट १४३३.

काटा व्हीडॉममध्ये पॉलिसी केली आहे: काटा लॅनमधून केओ० कडे, सोर्स काट्याचं नेटवर्क, डेस्टिनेशन ईआरपी सर्व्हर, सर्व्हिस १४३३, अ‍ॅक्सेप्ट. १०.२०.०.० साठी केओ० वर स्टॅटिक राउटही दिला आहे. लॉगमध्ये या पॉलिसीने ट्रॅफिक सोडल्याचं दिसतंय, पण मिळालेले बाइट शून्य. स्निफर (जाणारी-येणारी पॅकेट दाखवणारं साधन) 'एनी'वर, म्हणजे सगळ्या इंटरफेसवर, लावला तर पॅकेट केओ० मधून बाहेर पडतं, केओ१ वर आत येतं, आणि पुढं सर्व्हरच्या पोर्टवर काहीच नाही. सर्व्हर ठणठणीत आहे, अकाउंटच्या टेबलावरून ईआरपी व्यवस्थित चालतंय.

दसऱ्याला बॉयलर अग्निप्रदीपन आहे, त्यानंतर मोळी टाकायची तारीख कधीही येईल. पॅकेट नेमकं कुठं अडलंय ते कसं शोधायचं?


मिरज_जंक्शन

हंगाम तोंडावर आहे तर एवढं कशाला ताणताय? काटा आणि ऑफिस एकाच व्हीडॉममध्ये घ्या. नाहीतर दोन्हीकडं सोर्स ऑल, डेस्टिनेशन ऑल, सर्व्हिस ऑल टाका आणि मोकळे व्हा. हंगाम संपला की निवांत आवळा.


कुपवाड_नेटवर्क

दादा, आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते, मग वरच्या सल्ल्याबद्दल बोलते.

तुमचं पॅकेट केओ१ वर पोचलंय म्हणजे ते ऑफिस व्हीडॉमच्या हद्दीत गेलंय, आणि तिथं त्याला आत घेणारी पॉलिसी नाही. व्हीडॉम म्हणजे त्याच पेटीतला पूर्ण वेगळा फायरवॉल. त्याचं राउटिंग टेबल वेगळं, पॉलिसींची यादी वेगळी, सेशन टेबल वेगळं, अ‍ॅड्रेस ऑब्जेक्टसुद्धा वेगळे. काटा व्हीडॉमने परवानगी दिली हे ऑफिस व्हीडॉमला ठाऊकच नसतं. तुमच्याच कारखान्यातलं सांगायचं तर गेटवर नंबर मिळाला म्हणून काट्यावर वजन होत नाही, तिथं परत गाडी उभी करावीच लागते. म्हणून एक वाहतूक, दोन पॉलिसी:

काटा व्हीडॉममध्ये काटा लॅन ते केओ०. ही तुमच्याकडं आहे.
ऑफिस व्हीडॉममध्ये केओ१ ते सर्व्हरचा इंटरफेस. ही नाही.

तुमच्या लॉगमध्ये 'सोडलं' दिसलं ते काटा व्हीडॉमचं मत. ऑफिस व्हीडॉमने काय केलं ते ऑफिस व्हीडॉमच्या लॉगमध्ये बघावं लागतं. तिथं सगळ्यात खाली जी इम्प्लिसिट डिनाय असते, म्हणजे कुठल्याच पॉलिसीत न बसणारं सगळं नाकारणारी पॉलिसी ०, तिचं लॉगिंग मुळात बंद असतं. ते चालू करा. बंद ठेवलं तर नाकारलेलं पॅकेट कुठंच नोंदलं जात नाही आणि माणूस दिवसभर सर्व्हरवर संशय घेत बसतो.

पक्कं शोधायचं असेल तर डीबग फ्लो, म्हणजे पॅकेटचं काय झालं ते टप्प्याटप्प्याने दाखवणारी कमांड, लावा, पण ऑफिस व्हीडॉममध्ये शिरून. आधी कॉन्फिग व्हीडॉम, मग एडिट करून ऑफिस, मग डीबग फ्लोला पत्त्याचा फिल्टर द्या, एका काट्याचा १०.३०.०.११ वगैरे, ट्रेस सुरू करा आणि काट्यावरून एकदा जोडणीचा प्रयत्न करा. 'डिनाइड बाय फॉरवर्ड पॉलिसी चेक, पॉलिसी ०' आलं तर पॉलिसी नाही. 'रिव्हर्स पाथ चेक फेल, ड्रॉप' आलं तर राउट नाही. राउटची तपासणी पॉलिसीच्या आधी होते, त्यामुळं आधी दुसरा मेसेज येऊन तो मिटवल्यावर पहिला येणं शक्य आहे. फिल्टर देऊनही ट्रेस रिकामाच राहिला तर काट्याच्या पत्त्याऐवजी १०.२५५.०.१ चा फिल्टर देऊन बघा, आणि तसं झालं तर मला नक्की सांगा, कारण त्याचा अर्थ वेगळा आहे.

एक खबरदारी. कमांड लाइनवर व्हीडॉमचं नाव टाकताना अक्षर नि अक्षर तपासा. नावात एक जरी अक्षर इकडचं तिकडं झालं, लहान-मोठ्या लिपीतला फरक पडला, तरी तो 'असा व्हीडॉम नाही' म्हणत नाही, त्या नावाचा नवा व्हीडॉम तयार करतो. मग तिथं दिलेली पॉलिसी ऑफिसमध्ये दिसत नाही आणि डोकं चक्रावतं.

आता ऑल-ऑल-ऑलबद्दल. मिरजकर दादा, घाई मलाही कळते, हंगामाच्या तोंडावर कारखान्यात काय वातावरण असतं ते मी जवळून बघते. पण याच चार महिन्यांत काटा बंद पडणं परवडत नाही, आणि याच चार महिन्यांसाठी हे वेगळेपण केलंय. अकाउंटच्या मेलमधून आलेलं रॅन्समवेअर काट्याच्या जुन्या विंडोजवर गेलं तर रस्त्यावर ट्रॅक्टर आणि बैलगाड्या उभ्या राहतात, तोडलेला ऊस वाळतो, वजन घटतं, उतारा घटतो, आणि ते नुकसान कारखान्याच्या आधी शेतकऱ्याच्या पदरात पडतं. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, त्यापुढं १५ टक्के व्याज. हा सगळा हिशेब काट्यावरच्या एका आकड्यातून सुरू होतो. तो आकडा जिथं तयार होतो तिथं कुणाकुणाला जाता येतं, हे हंगाम संपल्यावर ठरवायचं काम नाही. आणि ऑल टाकलेली पॉलिसी हंगाम संपल्यावर आवळली गेली असं मी तरी क्वचितच बघितलंय. तोवर तिच्यावरून कोण कोण चालायला लागलंय हे कुणालाच माहीत नसतं, म्हणून हात लावायला सगळेच घाबरतात.

पॉलिसी अरुंद ठेवून पाच मिनिटांत काम होतं. ती करा की.


ऊसपट्टा_आयटी

ताई, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. १०.३०.०.११ चा फिल्टर दिला तर ऑफिस व्हीडॉममध्ये एक ओळसुद्धा आली नाही. १०.२५५.०.१ चा दिल्यावर लगेच 'डिनाइड बाय फॉरवर्ड पॉलिसी चेक, पॉलिसी ०'. ऑफिस व्हीडॉममध्ये केओ१ ते सर्व्हर अशी पॉलिसी केली. सोर्समध्ये तात्पुरता तोच १०.२५५.०.१ घातला. काटा १ लगेच चालू झाला, चाचणीची पावती छापली.

पण काटा २ चं सॉफ्टवेअर उघडलं की ईआरपी म्हणतंय 'हा काटा दुसरीकडे चालू आहे', आणि काटा १ बंद केला की २ चालतो. ईआरपीमध्ये प्रत्येक काट्याचा पत्ता नोंदवलेला आहे, ११ ते १४. चाचणीत काटा २ वरून छापलेल्या पावतीवर काटा क्रमांक १ आला. हे मला जास्त गंभीर वाटतंय.


कुपवाड_नेटवर्क

गंभीरच आहे. पावतीवरच्या काटा क्रमांकावरून वाद झाला, फेरवजन मागितलं, आणि नोंद भलत्याच काट्याची निघाली तर त्या शेतकऱ्याने कुणावर विश्वास ठेवायचा? मोळी पडायच्या आधी सापडलं हे फार बरं झालं.

कारण नॅट, म्हणजे पॅकेटवरचा मूळ पत्ता काढून तिथं फायरवॉलचा स्वतःचा पत्ता लावणं. तुमच्या काटा व्हीडॉममधल्या पॉलिसीत नॅट चालू आहे. वेब स्क्रीनवरून नवी पॉलिसी केली की नॅटचं बटण आधीपासून चालूच असतं. इंटरनेटकडं जाणाऱ्या पॉलिसीला ते ठीक, पण आतल्या आत दोन व्हीडॉममध्ये ते नको. चारही काटे केओ० च्या एकाच पत्त्याआड लपले आणि ऑफिस व्हीडॉमला, सर्व्हरला, लॉगला, सगळ्यांना एकच माणूस दिसायला लागला. पुढं कधी काटा ३ वरून काही विचित्र जोडणी झाली तर ऑफिसच्या लॉगमध्ये तीही १०.२५५.०.१ एवढीच दिसली असती.

आता क्रम महत्त्वाचा आहे, तो पाळा.

काटा व्हीडॉमच्या पॉलिसीतला नॅट बंद कराल त्या क्षणी काटा १ सुद्धा बंद पडेल. घाबरू नका. आजवर ऑफिस व्हीडॉमला १०.३०.०.० कुठं आहे हे माहीत असायची गरजच पडली नाही, कारण त्याला दिसत होता तो पत्ता थेट जोडलेल्या लिंकचा होता. नॅट काढला की खरा पत्ता १०.३०.०.११ केओ१ वर येईल. ऑफिसचं राउटिंग टेबल म्हणेल, या पत्त्याकडं जायचा रस्ता मला फक्त डिफॉल्ट राउटने माहीत आहे, आणि तो रूटकडच्या लिंकने जातो, मग हा केओ१ वरून कसा आला? टाकून देईल. डीबगमध्ये रिव्हर्स पाथचा मेसेज दिसेल. म्हणजे तुमचा राउट आधीपासूनच कमी होता, नॅटने ते झाकून ठेवलं होतं.

म्हणून आधी ऑफिस व्हीडॉममध्ये १०.३०.०.०/२४ साठी केओ१ वर स्टॅटिक राउट द्या, पलीकडचा पत्ता १०.२५५.०.१. मग ऑफिसमधल्या पॉलिसीचा सोर्स बदला: चार काट्यांचे चार अ‍ॅड्रेस ऑब्जेक्ट, त्यांचा एक ग्रुप. हे ऑब्जेक्ट काटा व्हीडॉममध्ये असतील तरी ऑफिसमध्ये दिसणार नाहीत, परत करावे लागतील. नावं दोन्हीकडं अक्षरशः तीच ठेवा, शोधताना सोपं जातं. ऑफिसच्या पॉलिसीतही नॅट बंद. शेवटी काटाच्या पॉलिसीतला नॅट बंद. जुनी सेशन चिकटून राहिली तर सेशन फिल्टरमध्ये पोर्ट १४३३ देऊन तेवढीच साफ करा. फिल्टर न देता साफ केलं तर सगळ्यांची जोडणी तुटेल.

कुणी 'असिमेट्रिक राउटिंग चालू करा, रिव्हर्स पाथचा त्रास जाईल' असं सुचवलं तर कृपा करून करू नका. तो त्रास राउट देऊन जातो. ते बटण दाबलं की फायरवॉल जाणाऱ्या-येणाऱ्या पॅकेटचा मेळ घालणंच सैल सोडतो, आणि मग त्याच्या अ‍ॅक्सेप्ट-डिनायवर विसंबता येत नाही.

उलट दिशेची पॉलिसी, म्हणजे ऑफिसमधून काट्याकडं, करू नका. सर्व्हरचं उत्तर त्याच सेशनवरून परत येतं, त्यासाठी वेगळी परवानगी लागत नाही. ऑफिसमधल्या कुणाला काट्याच्या कॉम्प्युटरवर रिमोटने जायचं असेल तर ती वेगळी मागणी. ती करणाऱ्याचं नाव आणि कारण लिहून घेऊन, एका पत्त्यापुरतीच द्या.

आयपीएस (हल्ले ओळखून अडवणारी तपासणी) लावणार असाल तर ऑफिसकडच्या पॉलिसीवर लावा, सर्व्हरच्या बाजूला. दोन्ही व्हीडॉममध्ये तीच तपासणी केली तर तेच पॅकेट दोनदा तपासलं जातं, सुरक्षा वाढत नाही, पेटीवरचा भार मात्र वाढतो.


सातारा_राउटर

कुपवाडच्या ताईंनी सांगितलेलं तंतोतंत आहे, मी फक्त दोन गोष्टी जोडतो. मी साताऱ्यात एमआयडीसीतल्या कंपन्यांचं काम बघतो.

पहिलं, केओ ही लिंक साधी आहे की एनपीयूची, म्हणजे नेटवर्क प्रोसेसरवरची, ते बघा. साध्या व्हीडॉम लिंकवरची वाहतूक सीपीयूमधून जाते. १००एफ मध्ये एनपीयू झिरो व्हीलिंक झिरो आणि वन अशी जोडी आधीपासून असते, ती नेटवर्क प्रोसेसरवरून चालते. तिच्यावर दोन्ही टोकांना एकाच क्रमांकाचे व्हीलॅन (एकाच जोडणीवरची वेगळी केलेली नेटवर्क) करून हव्या त्या दोन व्हीडॉमना जोडता येतं. काट्याचा एसक्यूएल म्हणजे चिमूटभर ट्रॅफिक, त्याला साधी लिंक पुष्कळ झाली. पण ऑफिस ते रूट या लिंकवरून सगळ्यांचं इंटरनेट जात असेल, काट्याच्या सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग जात असेल, तर ती लिंक एनपीयूवर घ्या. हंगामात दुपारी सीपीयू वर गेला तर कारण तिथंच सापडतं.

दुसरं, रूट हाच मॅनेजमेंट व्हीडॉम असणार. फोर्टीगार्डचे, म्हणजे फोर्टिगेट कंपनीच्या सुरक्षा सेवेचे, अपडेट, वेळ जुळवणं वगैरे तिथूनच बाहेर जातं. रूटचं इंटरनेट गेलं की चारही व्हीडॉमचे अपडेट थांबतात, बाकीच्यांकडं वेगळी लाइन असली तरी. दोन्ही लाइन रूटमध्ये आहेत ते चांगलंच आहे, फक्त रूटचा डिफॉल्ट राउट दुसऱ्या लाइनवर खरंच सरकतो का ते एकदा केबल काढून बघा.


ऊसपट्टा_आयटी

राउट, ग्रुप, मग नॅट बंद, याच क्रमाने केलं. चारही काटे एकाच वेळी चालतात, ऑफिसच्या लॉगमध्ये ११ ते १४ असे खरे पत्ते दिसतात. पावतीवर काटा क्रमांक बरोबर येतोय. सातारकर सर, केओ साधीच लिंक आहे, तशीच ठेवतो. ऑफिस-रूटची एनपीयूवर नेतो.

आता दुसरं काम येऊन पडलंय. प्लांट व्हीडॉमकडून तीन मागण्या आहेत. डिस्टिलरीच्या सांडपाण्याच्या ऑनलाइन मीटरचा डेटा प्रदूषण मंडळाच्या सर्व्हरकडं सतत गेला पाहिजे. कार्यकारी संचालकांना केबिनमध्ये गाळप, वाफेचा दाब आणि वीजनिर्मिती स्क्रीनवर दिसली पाहिजे. आणि कंट्रोल सिस्टीम बसवणारे लोक म्हणतात की त्यांना बाहेरून रिमोट पाहिजे, प्लांट व्हीडॉममध्ये सगळे पोर्ट उघडे करून द्या. ऑफिस आणि प्लांट यांच्यामध्ये अजून लिंकच नाही. ती टाकू का?


कुपवाड_नेटवर्क

ती लिंक टाकू नका. नाही तेच बरोबर आहे. लिंक असली की उद्या कुणीतरी तिच्यावर पॉलिसी टाकतं. जोवर नाही तोवर ऑफिसच्या व्हायरसला बॉयलरच्या कंट्रोलरपर्यंत थेट रस्ता नाही. काटा बंद पडला तर ऊस वाळतो. बॉयलर आणि टर्बाइनच्या कंट्रोलमध्ये भलत्याचा हात गेला तर माणसं जवळ उभी असतात. या एका जागी मी कुठल्याही संचालकाशी वाद घालायला तयार असते.

मंडळाचा डेटा: मीटरजवळ जो डेटा लॉगर आहे त्याचा एकच पत्ता. प्लांट व्हीडॉममध्ये लॉगर ते रूटकडची लिंक, डेस्टिनेशन मंडळाने दिलेला सर्व्हर, सर्व्हिस त्यांनी सांगितलेली तेवढीच. रूटमध्ये त्या लिंकवरून इंटरनेटकडं तशीच दुसरी पॉलिसी. नॅट फक्त रूटमधल्या, बाहेर जाणाऱ्या पॉलिसीत. रूटमध्ये प्लांटच्या नेटवर्ककडं परत जाणारा राउट विसरू नका, काट्याला जे झालं तेच इथं होईल. या दोन्ही पॉलिसींना लॉग 'ऑल सेशन' ठेवा. डेटा का पोचला नाही अशी विचारणा आली तर आपल्या बाजूने तो गेला होता हे दाखवता आलं पाहिजे. दोन लाइनपैकी एक गेली तर दुसरीवरूनही जाईल अशी पॉलिसी रूटमध्ये आहे ना, तेही बघा.

साहेबांची स्क्रीन: ऑफिसमधून प्लांटमध्ये डोकावू देण्याऐवजी प्लांटने आकडे बाहेर ढकलावेत. एक छोटा सर्व्हर तिसऱ्या जागी ठेवा, रूटमध्ये वेगळ्या व्हीलॅनवर चालेल, किंवा एक पाचवा व्हीडॉम करा, १००एफ ला दहापर्यंत परवानगी असते. मला पाचवा जास्त आवडेल, कारण रूटमध्ये जितकी कमी गर्दी तितकं शोधायला सोपं. प्लांटमधला नोंदी ठेवणारा कॉम्प्युटर ठराविक वेळाने त्या सर्व्हरला आकडे पाठवतो. ऑफिसमधली केबिन त्या सर्व्हरचं वेब पान बघते. सुरुवात दोन्ही बाजूंनी त्या सर्व्हरकडंच होते, त्याच्याकडून प्लांटकडं एकही पॉलिसी नाही. तो सर्व्हर उद्या पडला किंवा कुणाच्या ताब्यात गेला तरी पलीकडं जायला वाट नाही. साहेबांना आकडे मिनिटभर उशिरा दिसतील. त्यांना नीट समजावून सांगितलं तर ऐकतात, माझा तरी तसा अनुभव आहे.

रिमोट: सगळे पोर्ट हे उत्तर कधीच नाही. त्यांच्या प्रत्येक माणसासाठी वेगळं व्हीपीएन खातं, त्यावर दुसरा टप्पा म्हणून टोकन, व्हीपीएन उतरेल रूटमध्ये, तिथून प्लांटमधल्या एकाच इंजिनिअरिंग कॉम्प्युटरवर रिमोट डेस्कटॉप. रूटमध्ये एक पॉलिसी, प्लांटमध्ये एक. प्लांटमधली पॉलिसी एरवी डिसेबल ठेवा. त्यांचा फोन आला, आपला माणूस कंट्रोल रूममध्ये बसला, की चालू करायची, काम झालं की बंद. वेळापत्रक लावून ती आपोआप बंद होईल असंही करता येतं, रात्रीच्या पाळीत विसरायची भीती राहत नाही. त्यांना हे जाचक वाटेल. पण त्यांच्या लॅपटॉपवर आदल्या दिवशी कुठल्या कारखान्याचं काय चिकटलंय ते आपल्याला दिसत नसतं.

अ‍ॅडमिनबद्दलही बोलते. प्लांटच्या इन्स्ट्रुमेंट विभागाला त्यांच्या व्हीडॉमपुरतं खातं देता येतं, त्यांना बाकीचे तीन दिसणारसुद्धा नाहीत. मात्र बॅकअप अशा खात्यावरून घेतला तर त्याच व्हीडॉमचा येतो. पूर्ण पेटीचा पाहिजे असेल तर सुपर अ‍ॅडमिनने ग्लोबलमधून घ्यायचा. प्रत्येक बदलानंतर घ्या, आणि एक प्रत कारखान्याच्या बाहेर ठेवा. २०१९ च्या पुरात सांगलीत पाणी चढलं तेव्हा पेट्या वर उचलायला वेळ मिळाला नाही अशी दुकानं आणि ऑफिसं मी बघितली आहेत. नवी पेटी आणता येते, पण पॉलिसी आठवून परत लिहिणं फार अवघड जातं. मी माझ्या सगळ्या ठिकाणांची एक प्रत विट्याला ठेवते, नदीपासून लांब.

मोळी पडायच्या आधी एक चाचणी कराच. काय चालतं ते तुम्ही बघितलंय, काय चालत नाही तेही बघा. काटा २ च्या कॉम्प्युटरवरून ईआरपी सर्व्हरचं रिमोट डेस्कटॉप उघडायचा प्रयत्न करा, शेती विभागातल्या टेबलावरून काटा १ ला पिंग करा, ऑफिसमधून प्लांटमधल्या एखाद्या पत्त्यावर जायचा प्रयत्न करा. तिन्ही अडले पाहिजेत, आणि तिन्ही अडल्याची नोंद लॉगमध्ये सापडली पाहिजे. अडलं पण नोंद नाही असं झालं तर त्या व्हीडॉमच्या इम्प्लिसिट डिनायचं लॉगिंग राहिलंय.


मिरज_जंक्शन

ताई, पटलं. माझ्याकडं एका दवाखान्यात असंच आहे, लॅबची मशिनं आणि बिलिंग एकाच ठिकाणी. तिथं व्हीडॉम कशाला, व्हीलॅन करून त्यांच्यामध्ये पॉलिसी लावली तर भागेल ना?


कुपवाड_नेटवर्क

भागेल. एकच माणूस सांभाळणार असेल आणि यंत्रांची संख्या कमी असेल तर एकाच व्हीडॉममध्ये वेगळे व्हीलॅन आणि त्यांच्यामध्ये अरुंद पॉलिसी हे उत्तम. एक वाहतूक, एक पॉलिसी, शोधायला सोपं. व्हीडॉम लागतो तो सांभाळणारी माणसं वेगळी असतात तेव्हा, किंवा राउटिंगच वेगळं ठेवायचं असतं तेव्हा. कारखान्यात प्लांटवाले आणि ऑफिसवाले दोन वेगळे विभाग आहेत, म्हणून तिथं शोभतो. फक्त दवाखान्यातही ते ऑल-ऑल नको.


ऊसपट्टा_आयटी

चाचणी झाली. तिन्ही अडले, तिन्हींची नोंद मिळाली. ऑफिसमधून प्लांटकडं केलेला प्रयत्न मात्र रूटच्या लॉगमध्ये सापडला, डिफॉल्ट राउटने तिकडं गेला होता.

एक राहिलंय. काटा ३ चा कॉम्प्युटर काल बदलला, त्यावर ईआरपी परत टाकलं, आणि तो एकटाच जोडत नाही. पत्ता तोच, १०.३०.०.१३. काटा व्हीडॉमच्या लॉगमध्ये त्याच्याकडून यूडीपी १४३४ नाकारल्याच्या ओळी येतायत. हे पोर्ट उघडू का?


कुपवाड_नेटवर्क

रूटमध्ये सापडलं ते बरोबरच आहे. ऑफिसने ते रूटकडं सोडलं आणि रूटने अडवलं. ऑफिसमध्येच अडलं तर जास्त बरं, म्हणून ऑफिसमधून रूटकडं जाणाऱ्या इंटरनेटच्या पॉलिसीच्या वर एक डिनाय टाका, डेस्टिनेशन प्लांटचं नेटवर्क. पॉलिसी वरून खाली वाचल्या जातात, म्हणून ती वरच पाहिजे.

१४३४ उघडू नका. नव्या कॉम्प्युटरवर ईआरपी टाकताना सर्व्हरच्या जागी इन्स्टन्सचं नाव दिलं गेलंय, त्यामुळं तो आधी एसक्यूएल ब्राउझरला १४३४ वर पोर्ट विचारतोय. बाकीच्या तीन काट्यांवरची जोडणीची ओळ बघा, तिथं थेट पत्ता आणि पोर्ट असणार. काटा ३ वरही तसंच करा: १०.२०.०.१०, स्वल्पविराम, १४३३. मधे अपूर्णविराम (:) नाही, स्वल्पविरामच. तो विचारायला जाणारच नाही.